तळं लख्ख, आय अंधारात

माझं नाव सकुबाई. धसईच्या बाजारात ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते आणि तोंडावर खरं बोलते. या तिसऱ्या गोष्टीपायी पहिल्या दोन गोष्टींची गिऱ्हाइकं बरीच तुटली, पण त्याला इलाज नाय. आज सांगणार आहे ते पण खरंच, आणि त्यात लाज माझीच जाणार आहे. जाऊ दे.

माझ्या दुकानाला लागून धाकलूदादाचं दुकान. मधे एकच भिंत, ती पण पत्र्याची. पाटीवर अजून 'फोटो स्टुडिओ' लिहिलेलं आहे, पण आत झेरॉक्स आणि पासपोर्टचे फोटो. मागच्या बाजूला त्याचं राहतं घर आणि अंगण. माणूस सहासष्ट वर्षांचा, किडकिडीत. एक वाक्य बोलायला इतका वेळ लावतो की समोरच्याचा चहा थंड होतो. मी त्याला शंभर वेळा म्हटलं असेल, "दादा, बोल नायतर गप बस, मधेच लोंबकळू नको." तो हसतो आणि अजून लोंबकळतो.

खरा फोटोवाला त्याचा बाप, लखमाबाबा. त्याच्याकडे मोठा लाकडी कॅमेरा होता, तीन पायांच्या तिवईवर उभा करायचा. पुढं काच, मागं दुधी काच, आणि दोघांच्या मधे हार्मोनियमला असतो तसा कातड्याचा भाता. डोक्यावर काळं फडकं घेऊन दुधी काचेत बघायचं. त्यात माणूस उलटा दिसतो, डोकं खाली, पाय वर. नंतर काच बाजूला करून तिथं फिल्म घालायची, पुढची टोपी काढायची, एक-दोन-तीन मोजायचं आणि टोपी परत लावायची. एका वेळी एक फिल्म, वहीच्या पानाएवढी. लग्न असो, बारसं असो, लखमाबाबा ही पेटी घेऊन वैशाखऱ्यापर्यंत चालत जायचा. मागून धोंडूआय, त्याची बायको. डोक्यावर तिवई, काखेत पांढरं धोतर.

ते धोतर नेसायचं नव्हतं. ते उजेडाचं धोतर. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की धोंडूआय फोटोच्या बाहेर, बाजूला उभी राहायची आणि दोन्ही हातांनी धोतर ताणून धरायची. ऊन त्या पांढऱ्यावर पडायचं आणि तिथून गिऱ्हाइकाच्या तोंडावर, मांडीवर. नायतर आमच्याकडची माणसं, उन्हात रापलेली, डोळे आत गेलेले, फोटोत नुसते दात आले असते. मुरबाडपासून माळशेजच्या पायथ्यापर्यंत ज्या ज्या घरात जुना मोठा फोटो टांगलेला आहे, त्या प्रत्येक तोंडावरचा उजेड धोंडूआयचा आहे. हे मी म्हणत नाय, लखमाबाबाच म्हणायचा.

पण तिचा स्वतःचा फोटो एक नाय. कसा असणार? ती खुर्चीत बसली तर कापड कोण धरणार? ती कधी म्हणाली तर बाबा म्हणायचा, "तुझा नंतर काढू." नंतर, नंतर करत बाबा गेला. धाकलूदादाने नवे छोटे कॅमेरे घेतले, मग कॉम्प्युटर आला, आणि मोठी पेटी माळ्यावर गेली ती वीस वर्षं तिथंच.

आता गेल्या माघातली गोष्ट. धोंडूआय अठ्ठ्याऐंशीची. मोरीत पाय घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर म्हणाले, हृदय कमजोर आहे, भूल द्यायची नाय, आहे तोवर सांभाळा. धाकलूदादाची बायको गिरजावहिनी, तिने सासूचं सगळं केलं, त्यात वाद नाय. एके दिवशी म्हातारीने मुलाला जवळ बोलावलं. मी तिथंच होते, पेज घेऊन गेलेले.

"धाकल्या, माजा फोटू काढ," म्हणाली. "बाबाच्या पेटीतला."

मी म्हटलं, "आये, मोबाईलवर आत्ता काढते, बघ." ती माझ्यावर अशी चिडली! म्हणाली, "त्या मोबाईलला कापड लागतं का गो? ज्याला कापड लागत नाय तो कसला फोटू?" तिने आधार कार्डावरचा आपला फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा "ही कोण सटवी?" असं विचारलेलं. मोतीबिंदूने डोळे गेल्यातच जमा, पण फोटोची पारख जात नाय बघा.

धाकलूदादाने 'काढतो' म्हणून मान हलवली. घरच्या भिंतीवर सगळी वडीलधारी ओळीने बसलेली आहेत, लखमाबाबाने काढलेली. आजा, आजी, चुलता, आणि बाबा स्वतः, तो पण धोंडूआयने टोपी काढून एक-दोन-तीन मोजलं म्हणून निघाला. बाबाच्या शेजारी एक खिळा ठोकलेला आहे, रिकामा. एवढ्या वर्षांत त्या खिळ्यावर कुणी कॅलेंडरसुद्धा लावलं नाय.

फिल्म कुठून आणायची? तसली मिळत नाय आता. पण एक्सरेची फिल्म चालते, ती पण तेवढीच मोठी असते आणि लाल बल्बच्या उजेडात हाताळता येते. धाकलूदादा मुरबाडला एक्सरे काढणाऱ्याकडे गेला. तो म्हणाला, काका, आता सगळं कॉम्प्युटरवर. मग कपाटाच्या खालून एक जुनं पाकीट काढून दिलं. आत पाच फिल्मा निघाल्या.

"पाच म्हंजे लय झाल्या," दादा म्हणाला. "बाबा एकात काढायचा."

पेटी माळ्यावरून खाली आली. लाकूड शाबूत, काच शाबूत, पण भात्याचं कातडं वाळून पापड झालेलं. कोपऱ्यांत चिरा. दादा भाता माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, "सकु, तुज्याच्याने होईल तर होईल." आता असं म्हटल्यावर मी कशाला मागं सरते? चिरांना आतून काळं कापड लावलं, बारीक टाक्यांनी शिवलं. पण कातडं इतकं कडक की सुई वाकायची. तेव्हा मी काय केलं, आमच्याकडे जे करतात तेच केलं. माझा बाप पावसाळ्याआधी सगळ्या चामड्याला तेल लावायचा, वहाणांना, ढोलाच्या कातडी दोऱ्यांना, बैलाच्या घुंगुरपट्ट्याला. खुरासणीचं तेल. दोन दिवस ऊन दाखवून, बोटाने चोळून चोळून जिरवायचं. मी पण भात्याला तसंच जिरवलं. कातडं लोण्यासारखं झालं.

दादाने भाता ओढून बघितला आणि त्याचं तोंडच उजळलं. "सकु, काय मऊ केलास गो!"

मी म्हटलं, "हाताला गुण लागतो." तेलाचं बोलले नाय. शिलाईचं कौतुक चाललं होतं, त्यात तेल कशाला मधे आणा? माझी फुशारकी, दुसरं काय.

चैत्रात, सकाळी नवाच्या सुमाराला अंगणात पडदा बांधला. तो पडदा पण लखमाबाबाचाच, कल्याणहून रंगवून आणलेला. राजवाड्याचा जिना, त्याच्यापुढं तळं, तळ्यात दोन पांढरी बदकं. गावची माणसं पडदा अख्खा आला पायजे म्हणून अडून बसायची, म्हणून बाबा माणसाला फोटोत खालच्या अंगाला बसवायचा आणि वर सगळा राजवाडा ठेवायचा. धाकलूदादाने तसंच लावलं. आईची जागा खाली, मधोमध. रिकाम्या खुर्चीवर नजर ठेवून दुधी काचेत सगळं नीट करून घेतलं आणि मग आईला आणायला गेला.

तिला खुर्चीत बसवायचं म्हणजे काय होतं ते मी बघितलंय. दादा एका बाजूने, गिरजावहिनी दुसऱ्या बाजूने, आणि म्हातारी दातांवर दात दाबून. कण्हत नव्हती, पण कपाळावर घाम. खोलीतून अंगणात, उशा लावून, लुगडं सारखं करून बसवायला वीस-पंचवीस मिनिटं गेली. वहिनीने कुंकू नव्हे, पण बुक्का लावला, केस विंचरले.

पेटीच्या शेजारून नेताना म्हातारीने नाक वर केलं. "घाण्याचा वास येतो रं," म्हणाली. "खुरासणीचा." सगळे हसले. वहिनी म्हणाली, आता जुनं जुनं आठवत असेल त्यांना. मी पण हसले. खरं सांगते, मला काही सुचलंसुद्धा नाय.

कापड धरायला मी. तेच धोतर, ट्रंकेत घडी घालून ठेवलेलं, पिवळं पडलेलं पण चालण्याजोगं. मी धरलं तशी म्हातारी खुर्चीतून ओरडली, "कोपर सोड गो! ताठ धरशील तर हात कापंल. आणि माज्या तोंडावर नको मारू, छातीवर मार, तिथून वर जातो उजेड." अठ्ठ्याऐंशी वर्षं, मोडलेला खुबा, आणि शिकवते मला. मी म्हटलं, "आये, आज तू गिऱ्हाईक आहेस, गप बस." तेव्हा ती गप बसली. दादाने टोपी काढली, "एक, दोन, तीन," टोपी लावली.

मागच्या खोलीत लाल बल्बखाली त्याने फिल्म धुतली, वाळवली, जुन्या कागदावर छापली. संध्याकाळी घेऊन माझ्याकडे आला. मी फोटो हातात घेतला.

जिना लख्ख. तळं लख्ख. बदकांचे पंख मोजून घ्यावेत इतके स्वच्छ. आणि खाली, जिथं धोंडूआय, तिथं काळोख. वर फिकट सुरू होऊन खाली दाट होत गेलेला. नीट बघितलं तर केसांची एक रेघ आणि नाकाचा शेंडा. बाकी आय नाय.

"कापड नीट धरलं नायस," दादा म्हणाला.

आता माझं डोकं सटकलं. नाचता येईना अंगण वाकडं! अर्धा तास उन्हात हात वर करून उभी राहिले मी, आणि दोष माझा? मी त्याला भिंतीपलीकडे ऐकू जाईल असं सुनावलं. वीस वर्षं झेरॉक्स काढून काढून हात गेला म्हटलं तुझा. त्याने ऐकून घेतलं. त्याची हीच खोड वाईट, भांडतच नाय.

दुसऱ्या दिवशी स्वतःच म्हणाला, "तुजं नसंल. धुताना माजंच चुकलं." मागच्या खोलीची जमीन मोरीकडे उतरती, म्हणून ट्रेमधलं औषध एका अंगाला जमतं आणि फिल्मची एक बाजू कमी धुते, असं त्याच्या मनात आलं. त्याने ट्रेखाली कौलाचे तुकडे लावले, परातीत पाणी घालून पातळी बघितली. चार दिवसांनी परत म्हातारीला उठवलं. परत तो घाम, परत उशा. परत "कोपर सोड." आणि परत तेच, तळं लख्ख, आय अंधारात.

तीन उरल्या होत्या.

तेव्हापासून धाकलूदादाची झोप उडाली. दुकानात झेरॉक्सला माणूस उभा असायचा आणि हा फिल्म खिडकीला धरून बघत बसायचा. मला समजावून सांगायचा, मला म्हणजे खरं तर स्वतःलाच. "बग सकु, भात्याला भोक असतं तर बाहेरचा उजेड आत शिरला असता, फोटो त्या जागी पांढरा पडला असता. हा काळा पडतोय. म्हंजे जास्तीचा उजेड येत नाय. हाय तो उजेड कुटंतरी अडतोय." मी म्हटलं, मग शोध ना कुठं अडतोय ते. तो म्हणाला, तेच तर.

त्याला वाटलं, पाकीट कपाटाखाली उभं होतं, ओल लागून फिल्मचं एक अंग मेलं असेल. म्हणून तिसरी फिल्म त्याने मुद्दाम उलटी घातली, खालची बाजू वर. म्हणजे फिल्म वाईट असेल तर या वेळी तळं काळं होईल आणि आय दिसेल. मला हे डोकं फार आवडलं. मी मनात म्हटलं, या वेळी जमणार. देवाला नारळ पण बोलले.

नाय. फिल्म उलटली, काळोख उलटला नाय. तो बरोबर म्हातारीवरच येऊन बसला.

त्या दिवशी दादा अंगणात खुर्चीवर बसून रडला. आवाज न करता, नुसते खांदे हलत होते. वहिनी आतून बघत होती, ती पण पुढं आली नाय. म्हातारीचं जेवण तुटलं होतं. पेज दोन चमचे, ती पण विनवून. ती रोज विचारायची, "झाला का रं?" आणि तो रोज म्हणायचा, "धुतोय, आय."

मी दुकानाला कुलूप लावलं आणि शहापूरला गेले. म्हटलं मुरबाडात नाय तर तिथं मिळेल फिल्म. तीन ठिकाणी विचारलं. एका पोरीने मला कॉम्प्युटरवर कुणाचीतरी छाती दाखवली आणि म्हणाली, मावशी, आता हे असं असतं. एका ठिकाणी म्हणाले कल्याणला बघा. फोन लावला, तिथं पण नाय. जीपमध्ये परत येताना मला कुणाचा राग येत होता तेच समजत नव्हतं.

चौथ्या वेळेला दादाने पुढच्या काचेभोवतीचं, ऊन अडवणारं पत्र्याचं कडं काढून टाकलं, म्हटलं तेच आड येत असेल. काच सदऱ्याने पुसली. आणि एकाऐवजी दोन कापडं, एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला वहिनी. वैशाख लागला होता. दहा वाजता अंगण तापलेलं. म्हातारीला आणायला या वेळी अर्ध्या तासाच्या वर वेळ लागला, कारण तिची मान धरवत नव्हती. तिला मधेच थांबवून पाणी पाजलं. पेटी तेवढा वेळ उन्हात उभी होती, भाता लांब ओढलेला.

टोपी काढली, मोजलं, लावली. वहिनी आणि मी म्हातारीला आत घेऊन गेलो. दादा म्हणाला, मी येतो. त्याने फिल्म काढून घेतली, आणि काय मनात आलं कुणास ठाऊक, काळं फडकं डोक्यावर घेऊन रिकाम्या खुर्चीकडे दुधी काचेतून बघितलं. आईला आणायच्या आधी तो नेहमी बघायचा. आई गेल्यावर कधी बघितलं नव्हतं.

मी बाहेर आले तेव्हा तो फडक्याखालीच होता. बराच वेळ. मग आतून आवाज आला, "सकु, इकडं ये."

मी डोकं आत घातलं. काचेत वरची अर्धी बाजू काळी. उलटं दिसतं ना, म्हणजे तीच खालची, तीच आयची जागा. दादाने हात पुढं नेऊन भात्याला मधोमध खालून उचललं आणि काळोख पडदा सारल्यासारखा निघून गेला. खुर्ची दिसली, खुर्चीवरची उशी दिसली, उशीवरची फुलं दिसली. हात सोडला, भाता खाली लोंबला, परत अंधार.

सकाळी ओढला की भाता ताठ असायचा, म्हणून तेव्हा काचेत सगळं ठीक. मग आईला आणेपर्यंत अर्धा तास उन्हात तापायचा, आणि मऊ कातडं मधेच खाली बसायचं. वरचा भाग लोंबून उजेडाच्या वाटेत यायचा. काखेत कळसा आणि गावाला वळसा. चार फिल्मा गेल्या, शहापूर झालं, ट्रेखाली कौलं लावली, आणि दोष फडक्याच्या पुढंच, भात्यात होता.

दादाने बोट कातड्यावरून फिरवलं, मग नाकाशी नेलं.

"आय पयल्या दिवशी बोलली होती," तो म्हणाला. "घाण्याचा वास."

त्या फडक्याखाली उकाडा, काळोख आणि तो वास. माझ्या बापाच्या वहाणांचा वास. मी म्हटलं, "दादा, मीच लावलं. खुरासणीचं. मऊ व्हावं म्हणून." आणि पुढचं पण बोलून टाकलं. "मी तुला सांगितलं नाय. तू शिलाईचं कौतुक केलंस, म्हणून सांगितलं नाय."

वाटलं, आता हा एकदा तरी ओरडेल. मी वाट बघत होते, देवाशप्पथ. ओरडला असता तर मी पण चार शब्द बोलले असते आणि मोकळी झाले असते. तो फडक्यातून बाहेर आला, डोळे मिचकावत. मग म्हणाला, "नाडी हाय का तुज्याकडं? परकराची? वरून बांदून धरू."

मी दुकानात जाऊन नवी सुती नाडी काढली, पूर्ण रीळच आणलं. भात्याखालून फास घेऊन वर, पेटीच्या दोन टोकांवर टेकवलेल्या बांबूच्या काठीला बांधली. भाता सरळ झाला. तासभर उन्हात ठेवून बघितला, हलला नाय. इतकं सोपं होतं. तरी चौथी फिल्म त्याने धुतलीच. तिच्यात काय असणार ते दोघांना ठाऊक होतं.

पाचवी आम्ही दुसऱ्याच दिवशी घेतली, थांबायला वेळच नव्हता. म्हातारी रात्रभर बडबडत होती म्हणे, वैशाखऱ्याच्या कुठल्या लग्नात होती. पण सकाळी शुद्धीवर आली आणि स्वतःच म्हणाली, "चला, ऊन चढलं." दादाने तिला उचललंच, लहान पोरीसारखं. राहिलं होतंच काय तिच्यात. खुर्चीत बसवली, उशा लावल्या. दादाने या वेळी ती बसल्यावर परत काचेत बघितलं. फडक्यातून म्हणाला, "दिसते. आय दिसते, पायापर्यंत." चार महिन्यांत मी त्याचा असा आवाज ऐकला नव्हता.

फिल्म घातली. माझ्या हातात धोतर. वहिनी म्हातारीच्या नजरेसमोर उभी, "आत्याबाई, इकडं बघा, हलू नका." म्हातारी बसली बघा काय! मान सरळ, हात मांडीवर, पदर डोक्यावर. वर राजवाडा, आणि खाली ती त्या घरची मालकीण असावी अशी. मी धरलेला उजेड तिच्या छातीवर पडून वर हनुवटीला, गालाला, डोळ्यांच्या खोबणीत जात होता. आयुष्यभर दुसऱ्यांच्या तोंडावर पाडलेला उजेड. तो पहिल्यांदा तिच्या तोंडावर मी बघत होते आणि मला एकच दिसत होतं, चार फिल्मा. चार वेळा हिला मोडलेल्या खुब्यावर बसवली ती माझ्या दोन पळ्या तेलापायी.

मला रडू आलं. त्या वेळेला यायला नको होतं, पण आलं. दादाने टोपी काढली.

"एक."

माझे हात कापायला लागले. मी कोपर सोडलं नव्हतं.

"दोन."

कापड थरथरलं, आणि म्हातारीच्या तोंडावरचा उजेड हलला. तिचे डोळे गेलेले, पण उजेड हललेला तिला समजला. पन्नास वर्षांची सवय. तिने मान वळवली, पूर्ण माझ्याकडे, आणि म्हणाली, "कोपर सोड गो!"

"तीन," दादा म्हणाला. टोपी लावली. त्याला माहीत होतं, मला माहीत होतं, वहिनीने तोंडाला पदर लावला होता.

त्याने ती फिल्म जितक्या जपून धुतली तितकी आधीची एकही धुतली नसेल. मी खोलीबाहेर बसून होते. छापून बाहेर आणली तेव्हा मी बघायला पण धजावत नव्हते. फोटो असा आला होता की लखमाबाबाने शाबासकी दिली असती. वरपासून खालपर्यंत एकसारखा उजेड. जिना, तळं, बदकं, खुर्चीचे पाय, उशीवरची फुलं, मांडीवरच्या हातांच्या शिरा, सगळं. आणि तोंडाच्या जागी धूर. एक कान, पदराची किनार, बाकी पुसलेलं.

आतून हाक आली. "झाला का रं?"

दादा फोटो घेऊन आत गेला. मला वाटलं आता खोटं बोलेल, पण तो म्हणाला, "झाला, आय."

"दाव."

तिला दाराच्या उजेडाकडे तोंड करून बसवलं. तिने फोटो डोळ्यापासून चार बोटांवर धरला. तिरपा केला, सरळ केला, परत तिरपा केला. लखमाबाबाचा प्रत्येक फोटो ती अशीच तपासायची म्हणे, गिऱ्हाइकाच्या हातात द्यायच्या आधी. आम्ही तिघं उभे.

"उजेड बरा पडलाय," म्हातारी म्हणाली. "खालपातूर सारका हाय. कापड चांगलं धरलंस गो सकु."

मी पुढं होऊन तिच्या पाठीची उशी सारखी केली.

तिने फोटो अजून जवळ नेला, नाकाला टेकेपर्यंत. "पण बाई हलली. कोण हाय ही?"

दादाने वहिनीकडे बघितलं. वहिनी खाली बघत होती. मलाच बोलावं लागलं. म्हटलं, "गिऱ्हाईक आहे एक, आये."

"लांबून आलीय?"

"हो. लांबून."

"मग तिला असा देऊ नको रं धाकल्या, बरं दिसत नाय. तुजा बाबा देत नसे हलल्याला." तिने फोटो त्याच्या हातात परत दिला आणि उशीवर मान टेकली. डोळे मिटून घेतले. "परत बोलव तिला. सांग, नंतर काढू."

फिल्मांचं रिकामं पाकीट खिडकीत पडलेलं होतं. दादाने ते उचलून खिशात घातलं.

"बोलवतो, आय," तो म्हणाला.